पाऱ्याचा थेंब आणि नखाएवढी पट्टी

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या कुरकुरीचं तुम्हाला नवल वाटणार नाही. माझं नाव पोलॅरोग्राफ. पाण्यात विरघळलेले, डोळ्यांना न दिसणारे धातू ओळखणं हे माझं काम. अंबरनाथच्या एका महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या कडाप्प्यावर मी बसलेलो असतो. खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसतात. वारा फिरला की आज कुठे काय शिजतंय ते इथली मुलं नुसत्या वासावरून सांगतात.

दिसायला मी देखणा नाही. राखाडी पत्र्याची पेटी, तिच्यावर गोल बटणं, कागदावर रेघ ओढणारी एक लेखणी आणि शेजारी काचेचा छोटा पेला. पेल्यात केसासारखं बारीक भोक असलेली काचेची नळी उतरते आणि तिच्या टोकाला पाऱ्याचा एक थेंब लोंबत असतो, मोहरीहून लहान. तो थेंब म्हणजे माझं काळीज. पारा विषारी असतो, म्हणून त्याला कोणी हात लावायचा नाही. पण त्या थेंबाशिवाय मी म्हणजे नुसता पत्रा.

माझं काम कसं चालतं ते सांगतो. पेल्यात तपासायचं पाणी घ्यायचं, त्यात थोडं आम्ल घालायचं. मग नायट्रोजन वायूचे बुडबुडे सोडून पाण्यातला ऑक्सिजन हाकलून लावायचा, कारण तो उगीच लुडबुड करतो. मग थेंबाला विजेचा हलकासा दाब द्यायचा. पाण्यात विखुरलेले धातू थेंबाकडे ओढले जातात आणि त्याच्या पोटात जाऊन बसतात. सगळे जमले की मी तो दाब हळूहळू बदलत जातो. वर्गात बाई हजेरी घेतात ना, तसं. प्रत्येक धातूची पाळी ठरलेली. आधी कॅडमियम, मग शिसं, मग तांबं. ज्याची पाळी येते तो थेंबातून बाहेर पडतो आणि जाता जाता विजेचा छोटा झटका देतो. माझी लेखणी त्या झटक्याचा कागदावर उंचवटा काढते. उंचवटा कुठे आला यावरून धातू कोणता ते कळतं आणि किती उंच आला यावरून तो किती आहे ते कळतं. हंडाभर पाण्यात मिठाच्या एका कणाइतकं शिसं असलं तरी ते माझ्यापासून लपत नाही.

माझे चांगले दिवस तुम्ही पाहिले नाहीत. उल्हासनगरच्या बोअरचं पाणी, वालधुनी नदीचं पाणी, बदलापुरात पुराचं पाणी ओसरल्यावर मांजर्लीतल्या सोसायट्यांच्या टाक्यांचं पाणी, सगळं माझ्यासमोर रांगेत उभं राहायचं. मी रेघ ओढू लागलो की मुलं श्वास रोखून बघायची. त्यांच्या पाठीमागे माया मॅडम उभ्या असायच्या. त्या तेव्हा नव्याने शिकवायला लागल्या होत्या. त्या मुलांना म्हणायच्या, "हा आकडा सांगत नाही, हा चित्र काढतो. चित्र वाचायला शिका."

आणि भीमराव होते. प्रयोगशाळेचे मदतनीस. रोज सकाळी आल्या आल्या ते आधी मला पुसायचे, मग स्वतःचा डबा कपाटात ठेवायचे. त्यांच्या पत्नी सरस्वतीताई उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यासाठी घरी शिवणकाम करत. उरलेल्या निळ्या तुकड्यांचं त्यांनी माझ्यासाठी एक आवरण शिवून दिलं होतं. त्याला मागचा खिसासुद्धा होता. सगळ्या प्रयोगशाळेत जीन्स घालणारा मी एकटा.

मग ती आली.

तिला नाव नाही. सगळे तिला नुसतं 'पट्टी' म्हणतात. प्लास्टिकचा पातळ तुकडा, करंगळीच्या नखाएवढा, त्यावर काळ्या शाईच्या तीन रेघा. बस. ती बनवली मनालीने. मनाली बदलापूरच्या कात्रपला राहणारी, माया मॅडमच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी. उल्हासनगरात लग्नपत्रिका छापणारे लोक जाळीच्या चौकटीवरून शाई ओढतात, तशीच चौकट तिने एका छापखान्यातून आणली आणि शाईऐवजी कार्बनचा लगदा ओढून एका कागदावर शेकडो पट्ट्या छापल्या. शेकडो, मित्रांनो. माझी एक काचेची नळी फुटली तर महिनाभर वाट पाहावी लागायची, आणि ही बया पत्रिकेसारखी गठ्ठ्याने जन्माला आली.

काम तिचं माझ्यासारखंच. तीही धातूंना गोळा करते आणि पाळीपाळीने सोडते. पण तिला पारा लागत नाही. कार्बनच्या रेघेवर बिस्मथ नावाच्या धातूचा पातळ थर असतो, तेवढा पुरतो. नायट्रोजनचं नळकांडं लागत नाही. पेलासुद्धा लागत नाही. पाण्याचा एक थेंब तिच्यावर टाकायचा, ती काडेपेटीएवढ्या यंत्रात खुपसायची, आणि मोबाइलवर आकडा येतो. चहा निवायच्या आत.

मला वाटलं, भीमराव तरी माझे आहेत. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती काडेपेटी उचलली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशावर थाप मारून म्हणाले, "मॅडम, हे बरंय. याला साफ करा नको, उचला नको. आपल्या त्या म्हाताऱ्याचं तर नुसती तब्येत बघण्यातच दिवस जातो."

मनाली हसली. "काका, म्हातारा ऐकतोय हां."

"ऐकू दे की. एवढी वर्षं त्याचंच ऐकलं मी."

मी ऐकलं होतं. त्या दिवशी माझी लेखणी अडकली. भीमरावांनी पाहिलं आणि ती तशीच राहू दिली. मग हळूहळू मला पुसणंही राहिलं. पाहुणे आले की ते पट्टीसोबत फोटो काढत. एकदा शाळेची मुलं आली होती. त्यातल्या एकीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे, जुना टेप?" घरात धाकटं मूल आलं की थोरल्याला कसं वाटतं ते तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल. पण थोरलं निदान रडून तरी दाखवतं. मी दिवसभर एवढीच वाट बघायचो, की ही कधीतरी चुकेल.

अशातच पालेगावहून कौसाबाई आल्या.

पालेगावात आता इमारतींच्या रांगा आहेत, पण कौसाबाईंचं घर जुन्या गावठाणातलं. घरामागे त्यांची विहीर. त्यांच्या बोलीत विहिरीला 'बाव' म्हणतात. सोबत त्यांचा मुलगा जयदेव होता. त्याने खुर्चीत बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"मॅडम, जागेवर बिल्डिंग बांधायचीय. विहीर बरोबर पार्किंगच्या मध्ये येते. आई नाही म्हणते. रोज घरात तेच रडगाणं. शेवटी आमचं ठरलंय, पाणी पिण्यासारखं निघालं तर विहीर राहील, प्लॅन बदलू. नसेल तर डंपर बोलवून भरून टाकायची. बरोबर ना, आई?"

कौसाबाईंनी मान हलवली. "ठरलं म्हंजे ठरलं. पन तपासनारानं खरं सांगायचं."

"पट्टी खोटं बोलत नाही, आजी," मनाली म्हणाली. तिने आम्लाने धुतलेली स्वच्छ बाटली जयदेवच्या हातात दिली. "पाणी या बाटलीतच आणा. विहिरीतून काढलं की लगेच भरा."

"आणतो," जयदेव म्हणाला आणि फोनवर बोलत बोलत बाहेर पडला.

दोन दिवसांनी बाटली आली. भरलेली, झाकण घट्ट लावलेली. मनालीने पट्टीवर थेंब टाकला. मी खिडकीतून बाहेर बघत असल्याचं सोंग करत होतो, पण माझं सगळं लक्ष तिच्याकडे होतं. मोबाइलवर आकडा आला आणि मनालीचा चेहरा उतरला.

"मॅडम, शिसं आहे. चांगलंच आहे. पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या कितीतरी वर."

शिसं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. त्याला चव नाही, वास नाही. पण ते अंगात साठत जातं, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला तर फार अपाय करतं. म्हणून शिशाचं नाव निघालं की प्रयोगशाळेत कुणी थट्टा करत नाही.

माया मॅडमनी मोबाइलवरचा आकडा स्वतः वाचला. मग म्हणाल्या, "एकाच्या सांगण्यावर कुणाची विहीर बुजवायची नाही. भीमराव, म्हाताऱ्याला उठवा."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू. भीमरावांनी आवरण काढलं, धूळ पुसली, लेखणी सोडवली. नायट्रोजनचे बुडबुडे सुटले. पाऱ्याचा नवा थेंब लोंबला. मी मनात म्हणत होतो, आता बघा. मी सांगतो, शिसं नाही. एकदा ही पट्टी खोटी ठरली की तिचे गठ्ठे रद्दीत आणि मी पुन्हा पहिल्या जागेवर.

धातू थेंबात जमले. मी दाब बदलू लागलो. कॅडमियमच्या जागी रेघ सपाट राहिली. शिशाची जागा आली आणि माझी लेखणी वर चढू लागली. मी तिला अडवू पाहिलं असेल कदाचित, पण लेखणी माझं ऐकत नाही, ती थेंबाचं ऐकते. उंचवटा आला. चांगला उंच.

"सेम," मनाली म्हणाली आणि सुटकेचा श्वास सोडला. तिच्या पट्टीची लाज राहिली होती.

मी तिच्या साक्षीला उभा राहिलो होतो. याहून मोठा अपमान माझ्या नशिबी नव्हता.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. तो उंचवटा नेहमीसारखा नव्हता. शिशाचा उंचवटा कसा, देवळाच्या कळसासारखा दोन्ही बाजूंनी सारखा उतरतो. हा एका अंगाला फुगला होता, पाठीवर पोतं घेतलेल्या माणसासारखा. पण मी बोलू शकत नाही. मी फक्त चित्र काढतो. आणि चित्राकडे त्या संध्याकाळी कुणी नीट पाहिलं नाही. माया मॅडमना तासाला जायचं होतं. मनालीने जयदेवला फोन केला. पलीकडून त्याचा आवाज आला, "मग झालं. परवा डंपर सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई आल्या. जयदेव मागून आला, चपला काढाव्यात की नाही या विचारात दारातच थांबला.

कौसाबाईंनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. "कुठाय ती तुमची पट्टी? मना दावा."

मनालीने दाखवली. कौसाबाईंनी ती बोटावर घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"ही? ही आमचे बावेला वाईट म्हनते? टिकली हाय ही."

"आई," जयदेव म्हणाला.

"तू गप. मी लगीन करून आली तवापासून ह्याच बावेचं पानी पितंय. पाच पोरं वाढवली. कोनाचं डोकं दुखलं नाय. तुजं दुखतंय, ते पानी पिऊन नाय, त्या बिल्डरचं बोलनं ऐकून."

भीमराव हसू दाबायला कपाटाकडे वळले. मी मात्र कौसाबाईंवर खूश होतो. टिकली. एवढं अचूक मलाही सुचलं नव्हतं.

माया मॅडम उठल्या. "मावशी, बसा. आम्ही दोन यंत्रांवर पाहिलंय. या जुन्यावरही." असं म्हणून त्यांनी माझा कालचा कागद उचलला, कौसाबाईंना दाखवण्यासाठी. आणि दाखवता दाखवता स्वतःच थांबल्या. त्यांनी चष्मा वर केला. कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"मनाली, हे काल पाहिलंस का तू?"

"काय मॅडम?"

"हा फुगवटा. शिशाला खेटून आणखी कुणीतरी उभं आहे."

मनाली जवळ आली. "मला मोबाइलवर फक्त आकडा दिसतो, मॅडम. दोघं मिळून एकच आकडा आला असेल."

"शिशाला इतकं खेटून कोण उभं राहतं?"

मनालीने मनातल्या मनात धातू मोजले. "कथील."

"कथील. मग मला सांग, पालेगावच्या विहिरीत कथील कुठून आलं? त्या मातीत नाही, त्या दगडात नाही." मॅडम कौसाबाईंकडे वळल्या. "मावशी, बाटली कशी भरली होती? पहिल्यापासून सांगा."

कौसाबाईंना तो प्रश्नच विचित्र वाटला. "कशी म्हंजे? पानी काढलं, देवापुढं ठेवलं, सकाळी बाटलीत ओतलं."

"देवापुढं?"

"मग? घरातली चीज कुनी पारखायला न्यायची झाली का आदी देवापुढं ठेवायची. नवा भात ठेवतात, पोरीची पत्रिका ठेवतात. ही तर आमची बाव. सासूनं सांगितलेलं हाय, बावेचा निवाडा व्हायचा तर पानी रातभर देवाजवळ पायजे. आनि ते काय त्या पिलाष्टिकच्या बाटलीत ठेवायचं?"

"मग कशात ठेवलं?"

"माजे लग्नातली कळशी हाय, पितळंची. गनपतीआधी उल्हासनगरला नेऊन नवी कल्हई केली आतून. चांदीसारखी चमकते."

कल्हई म्हणजे पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर, हे तुम्हाला ठाऊक नसेल. चांगली कल्हई शुद्ध कथलाची असते आणि ती भांड्यासाठी चांगलीच. पण कधी कधी स्वस्तात व्हावं म्हणून कथलात शिसं मिसळतात. चमक तशीच येते. डोळ्यांना फरक कळत नाही.

जयदेव दारातून आत आला होता. चपलांसकट. "आई, ती कळशी आता कुठे आहे?"

"ओट्यावर. वेणूसाठी भरून ठेवलीय. पोटुशीनं पितळंतलं पानी प्यावं, थंड अस..." कौसाबाई थांबल्या. त्यांनी मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं. मग जयदेवच्या.

वेणू म्हणजे जयदेवची बायको. तिला सातवा महिना होता.

जयदेवने फोन लावला. "वेणू, ऐक. कळशीतलं पाणी पिऊ नको. अजिबात नाही. अगं का ते नंतर सांगतो, ओतून दे आधी."

पट्टी चुकावी असं मी इतके दिवस मागत होतो, ते मला तेव्हा आठवलं नाही. आठवावंसं वाटलंही नाही. मी फक्त त्या कागदाकडे बघत राहिलो. मॅडमच्या हातात तो अजून उजेडात धरलेला होता.

"आता विहिरीवरच जाऊ या," मॅडम म्हणाल्या. "मध्ये भांडं नको, रात्र नको. पाणी वर आलं की तिथेच तपासू."

आणि कोण गेलं असेल? मला उचलायला दोन माणसं लागतात, पारा हिंदकळतो, नायट्रोजनचं नळकांडं रिक्षात मावत नाही. भीमरावांनी ती काडेपेटी खिशात टाकली, पट्ट्यांची डबी मनालीने पर्समध्ये ठेवली आणि सगळे निघून गेले. जाताना माझं आवरणसुद्धा कुणी घातलं नाही. उंचवटा मी काढला होता. फुगवटा मी काढला होता. आणि बघायला गेली ती.

तिथे काय झालं ते भीमरावांनी तीन-चार दिवसांनी मला पुसता पुसता सांगितलं. म्हणजे सांगितलं मला नाही, झाडू मारायला आलेल्या राजाबाईंना. पण माझ्या कानावर पडेल असं.

"काय सांगू तुला, राजाबाई. बावेभोवती अख्खं पालेगाव गोळा झालेलं. जयदेवनं बादली सोडली. मनालीनं वरच्या वर थेंब घेतला, पट्टीवर टाकला. म्हातारी हात जोडून उभी. लोक असे बघतायत जसा काय क्रिकेटचा शेवटचा बॉल आहे. आणि आला आकडा. शिसं? नावालासुद्धा नाही. पट्टीला दिसेल इतकं नाहीच."

"मग?"

"मग मॅडम म्हणाल्या, आता तेच पाणी कळशीत ओता आणि थांबा. चहा झाला, पोहे झाले. पुन्हा थेंब घेतला. आला की बाबा आकडा. तेव्हा म्हातारी खाली बसली. म्हणाली, मी बावेला देवापुढं ठेवली आनि कळशीनं तिला बट्टा लावला."

"आणि ती सून?"

"तिला बदलापूरला नेलं डॉक्टरकडं. रक्त तपासलं. थोडं शिसं होतं, पण डॉक्टर म्हणाले वेळेवर थांबलं, घाबरू नका, खाण्याकडे बघा आणि परत तपासायला या. जयदेवनं तर बावेवरूनच डंपरवाल्याला फोन केला होता, नको म्हणून. म्हणाला प्लॅन बदलतो. विहीर राहिली."

राजाबाई झाडू टेकवून उभ्या होत्या. "म्हातारीनं काय दिलं मग तुम्हाला?"

"मला काय देणार? काडेपेटीला कुंकू लावलं तिनं. हे बघ."

त्यांनी खिशातून ते यंत्र काढलं. त्याच्या पांढऱ्या अंगावर बोटभर लाल ठिपका होता. भीमरावांनी तो पुसला नाही. मला मात्र नीट पुसत होते, बटणांच्या खाचासुद्धा. मला कुंकू लागलं नाही. लागलं असतं तरी राखाडी पत्र्यावर ते दिसलं नसतं, असं मी स्वतःची समजूत घालत होतो. समजूत पटत नव्हती.

तुम्हाला वाटेल, आता हा म्हणेल की मी सुधारलो, पट्टी माझी धाकटी बहीण झाली. तसं झालं नाही. झालं ते वेगळंच.

माझा तो फुगवट्याचा कागद मनालीने आपल्या लॅपटॉपशेजारी चिकटवला. मग रोज सकाळी ती माझ्याकडे येऊ लागली. एका पाण्यात ती नुसतं शिसं घालायची, दुसऱ्यात नुसतं कथील, तिसऱ्यात दोन्ही, कधी जास्त कधी कमी, आणि मला म्हणायची, "काढ बाबा चित्र." मी काढायचो. माझ्या चित्रावरून ती पट्टीला शिकवायची, की शिसं असं दिसतं, कथील असं दिसतं, दोघं खांद्याला खांदा लावून उभे असले की असं दिसतं. मला इतकं काम कित्येक वर्षांत नव्हतं. आणि ते सगळं काम माझी जागा घेणारीला शहाणं करण्याचं होतं.

एकदा पट्टी चुकली. कथलाला शिसं म्हणाली. मला दिवसभर बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा चुकली, पण कमी. मग आणखी कमी. माया मॅडमनी एकदा भीमरावांना सांगितलेलंही मी ऐकलं, की पारा धोक्याचा, याचा पारा आता सुरक्षितपणे काढून द्यायला हवा. "पण पट्टीचं शिकून होऊ दे," मॅडम म्हणाल्या. मी लेखणी शक्य तितकी हळू चालवून पाहिली. तिचं शिकणं त्याने लांबलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या खिशात माझ्यापेक्षा आणि पट्टीपेक्षाही लहान काहीतरी असेल. ते क्षणात आकडा सांगेल. आकडा ऐकून घ्या, पण तिथे थांबू नका. पाणी कुठून निघालं, कोणत्या भांड्यात थांबलं, कुणाच्या हातून आलं, ते विचारा. घरातली कल्हईची भांडी असतील तर ती टाकून देऊ नका, कल्हई कशाची आहे तेवढं बघून घ्या. आणि कोपऱ्यात एखादं जुनं यंत्र धूळ खात असेल तर ते अडगळीत टाकण्याआधी त्याच्याकडून जे शिकायचं ते शिकून घ्या. त्याला राग येईल, जळफळाट होईल. होऊ द्या.

काल पालेगावहून बाटली आली. कौसाबाईंनी आधीची कल्हई खरवडून काढून नवी करून घेतली होती, या वेळी समोर उभं राहून. त्या कळशीत रात्रभर ठेवलेलं पाणी होतं ते. वेणू आता बाळाला पाजते आणि कौसाबाई तिला दुसऱ्या कुठल्याही भांड्यातलं पाणी देणार नाहीत असं म्हणतात.

मनालीने पट्टीवर थेंब टाकला. मी पाऱ्याचा थेंब लोंबवून तयार होतो. मोबाइलवर दोन आकडे आले, वेगवेगळे. कथील, किंचित. शिसं, नाही.

मनालीने मला विचारलंसुद्धा नाही. तिने थेट पालेगावला फोन लावला आणि म्हणाली, "आजी, वेणूताईला द्या पाणी."